पाटी वाचा, पायी फिरा, मग डिस्क फेका

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात गावाबाहेरच्या एखाद्या काउंटी पार्कमध्ये शिरलात, की पिकनिकची बाकं आणि मासेमारीचं तळं ओलांडल्यावर झाडीत साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केट दिसू लागतात. हा डिस्क गोल्फचा कोर्स. यातले बरेच कोर्स जुने आहेत आणि आता एकेक करून ते नव्याने आखले जात आहेत. कुठे टी, म्हणजे पहिली फेक करण्याची जागा, हलवलेली असते, कुठे बास्केट टेकाडावर गेलेली असते, कुठे होलांचे क्रमांकच बदललेले असतात. जुन्या खेळाडूला वाटतं, आपल्याला इथलं सगळं पाठ आहे, आणि पहिल्या तीन होलांतच त्याचा अंदाज चुकू लागतो. नवखा मात्र सुरुवात कुठून करायची याच विचारात पडतो.

दोघांनाही एकच गोष्ट सांगावीशी वाटते. नव्या आखणीच्या कोर्सवर प्रत्येक टीवर उभं राहिलात की डिस्क हातात घेण्याआधी स्वतःला विचारा, इथे बदल का केला असेल? कुणाच्या सुरक्षेसाठी, मातीसाठी, की झाडासाठी? कारण कळलं की फेक कुठे टाकायची, तेही बहुतेक वेळा कळतं.

खेळ थोडक्यात

ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी. टीवरून डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती बास्केटमध्ये टाकायची. एका टीपासून तिच्या बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल. साधारणपणे ९ किंवा १८ होलं असतात. बहुतेक सार्वजनिक कोर्सवर शुल्क नसतं. काही ठिकाणी पार्कमध्ये गाडी नेण्याचे पैसे पडतात, तेवढंच.

या खेळाला आजचं रूप दिलं एड हेड्रिक यांनी. व्हॅम-ओ कंपनीत असताना त्यांनी फ्रिस्बीची सुधारित रचना केली आणि १९६७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. सुरुवातीला तिथे नुसत्या खांबांवर नेम धरत. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद होत, म्हणून साखळ्यांची बास्केट आली. १९७६ मध्ये हेड्रिक यांनीच व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना, म्हणजे पीडीजीए, स्थापन केली. १९८३ मध्ये इनोव्हा कंपनीची तिरप्या, धारदार कडेची डिस्क बाजारात आली आणि फेकीचं अंतर एकदम वाढलं. जुने कोर्स तोकडे पडू लागले, त्याचं एक मूळ इथे आहे.

कोर्स नव्याने का आखतात

चेंडूच्या गोल्फचं एक ग्रीन हलवायचं तर बुलडोझर आणावा लागतो. डिस्क गोल्फची बास्केट म्हणजे जमिनीत पुरलेल्या नळीत उभा केलेला खांब. कुलूप काढलं, खांब उपसला, दुसऱ्या नळीत बसवला, की झालं. म्हणून हा कोर्स बदलत राहणं स्वाभाविक आहे. बदलाची कारणं मात्र ठरावीक असतात.

पहिलं कारण सुरक्षा. पूर्वी पार्कमध्ये कुणी फारसं येत नसे, तेव्हा फेअरवे, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतचा फेकीचा पट्टा, पायवाटेवरून गेला तरी चालत असे. आता तिथे चालणारी मंडळी आहेत, सायकली आहेत, मुलांची खेळणी आहेत. पावणेदोनशे ग्रॅमची कठीण कडेची डिस्क डोक्यात बसली तर गंभीर इजा होते. म्हणून टी वळवली जाते किंवा ‘मँडो’ ठेवला जातो. मँडो म्हणजे एखाद्या झाडाच्या वा खांबाच्या ठरवून दिलेल्या बाजूनेच डिस्क गेली पाहिजे, असा दंडक.

दुसरं कारण माती. वर्षानुवर्षं एकाच जागी पाय पडले की गवत जातं, माती दडपते, पावसाचं पाणी मुरायचं सोडून वाहू लागतं आणि झाडांची मुळं उघडी पडतात. अशा बास्केटभोवतीच्या जागेला विश्रांती द्यावी लागते.

तिसरं कारण झाडं. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एमरल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला हिरवा भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या ॲश नावाच्या झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे करत जातात आणि झाडाचा अन्नपाण्याचा पुरवठा तोडतात. वाळलेल्या ॲशच्या खोडावर नीट पाहिलंत तर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची, जेमतेम तीन-चार मिलिमीटरची भोकं दिसतात. प्रौढ भुंगेरा तिथून बाहेर पडलेला असतो. या किडीने अमेरिकेत कोट्यवधी ॲश मेले. ज्या फेअरवेंचा सगळा खेळ या झाडांवर उभा होता, ते उघडेबोडके झाले आणि नव्याने आखावे लागले.

जाण्याआधी

यूडिस्क या ॲपवर कोर्सचा नकाशा मिळतो. तो घरूनच डाउनलोड करून घ्या, कारण गावाबाहेर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. आखणी नुकतीच बदलली असेल तर ॲपवर जुना नकाशा असू शकतो. त्यामुळे पार्कच्या फलकाचा फोटो आधी काढा. ॲप आणि फलक यांच्यात फरक दिसला तर फलक खरा माना.

मधल्या वारी सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जाणं चांगलं. मागे कुणी खोळंबलेलं नसलं की कोर्स निवांत पाहता येतो.

सोबत पाणी, टॉवेल, घट्ट तळव्याचे बूट आणि डिस्क एवढं पुरे. डिस्क तीनच न्या. बास्केटजवळ टाकायला एक पटर, मधल्या अंतरासाठी एक मिडरेंज आणि लांब फेकीसाठी एक हलका फेअरवे ड्रायव्हर. बऱ्याच डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. पहिला आकडा डिस्कला किती वेग लागतो ते सांगतो, दुसरा ती किती तरंगते ते. तिसरा वेगात असताना ती कशी वळते ते दाखवतो आणि चौथा वेग ओसरल्यावर कशी. इनोव्हाची एव्हियार २, ३, ०, १ अशी आहे, डिस्क्राफ्टची बझ ५, ४, उणे १, १ आणि इनोव्हाचीच लेपर्ड ६, ५, उणे २, १. या जातीच्या तीन डिस्कवर नवखा माणूस अख्खा कोर्स खेळू शकतो. स्पीड १२च्या ड्रायव्हरच्या मोहात पडू नका. तेवढा वेग हातात नसेल तर ती डिस्क लवकर वळून झुडपात जाते.

रंगही विचारपूर्वक घ्या. हिरवी डिस्क उन्हाळ्यात गवतात दिसत नाही, आणि पिवळी, तांबडी, नारिंगी डिस्क ऑक्टोबरच्या पानगळीत हरवते. गडद गुलाबी किंवा निळी डिस्क बहुतेक ऋतूंत सापडते. मागच्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने नाव आणि फोन नंबर लिहा. या खेळात सापडलेली डिस्क फोन करून परत देण्याची चांगली प्रथा आहे, ती आपणही पाळावी.

पाटी कशी वाचावी

टीजवळच्या पाटीवर होलाचा क्रमांक, अंतर, पार (म्हणजे अपेक्षित फेकींची संख्या) आणि फेअरवेचं चित्र असतं. नव्या कोर्सवर तीन गोष्टी खास पाहा.

टी किती आहेत, ते आधी पाहा. नव्या आखणीत अनेकदा दोन टी असतात, एक जवळची आणि एक लांबची. रंगांचा अर्थ पार्कागणिक बदलू शकतो, म्हणून रंगावरून तर्क न करता पाटीवरचं अंतर पाहा. पहिली फेरी जवळच्या टीवरूनच खेळा, हात कितीही तयार असला तरी. आखणाऱ्याच्या मनातली वाट तिथून लवकर उमगते.

मग बास्केट आज कुठे आहे ते पाहा. एकाच होलाला ए, बी, सी अशा दोन-तीन जागा असतात. पाटीवर त्या जागांशी छोटी भोकं असतात आणि त्यांतल्या एकात बोल्ट बसवलेला असतो. बोल्ट जिथे, तिथे आजची बास्केट. तरीही चार पावलं पुढे जाऊन डोळ्यांनी खात्री करा. बास्केट हलवली आणि बोल्ट तिथेच राहिला, असंही घडतं.

शेवटी हद्दी पाहा. वाट, ओढा, वाहनतळ यांसारख्या जागा बहुधा ‘ओबी’, म्हणजे हद्दीबाहेर, असतात. तिथे डिस्क गेली की एका फेकीचा दंड. मग डिस्क जिथून हद्द ओलांडून गेली तिथून एक मीटरपर्यंत आत येऊन खेळायचं, किंवा आधीच्या जागेवरून पुन्हा फेकायचं.

एका होलावरून दुसऱ्याकडे जाताना जुन्या वाटा फसवतात. गवतातली मळलेली वाट बंद केलेल्या टीकडे नेत असेल. पुष्कळ ठिकाणी बास्केटच्या तळाशी पुढच्या टीची दिशा दाखवणारा बाण किंवा रंगीत खूण असते. होल संपलं की आधी ती बघा.

एक होल जवळून पाहू

समजा, होल २८० फुटांचं आहे, पार ३. पूर्वी टीवरून सरळ समोर, ओढ्यावरच्या लाकडी पुलाच्या दिशेने फेकत. आता टी डावीकडे सरकवली आहे, बास्केट ओढ्यापलीकडच्या चढावर आहे आणि मधल्या एका जुन्या ओकवर मँडोचा बाण लावलाय, उजवीकडून जा म्हणून. जुन्या बास्केटच्या जागी सुतळी बांधून गवताचं बी पेरलं आहे.

आता कारणं जुळवा. पुलावरून माणसं येतात, म्हणून फेक तिकडून काढून घेतली. जुन्या जागेची माती धुपली होती, म्हणून बास्केट चढावर गेली. म्हणजे आखणाऱ्याचं सांगणं असं की ओकच्या उजवीकडून ये, ओढ्याच्या अलीकडे थांब आणि तिथून वर चढ.

अशा वेळी खेळ मागून पुढे आखावा. आधी बास्केटपाशी चालत जा आणि वळून टीकडे पाहा. दुसरी फेक कुठून सोपी जाईल? ओढ्याच्या अलीकडच्या सपाट पट्टीतून. मग पहिली फेक तिथे पोचवायची, इतकंच तुमचं काम. टीपासून ती पट्टी १८० फुटांवर असेल तर ड्रायव्हर पिशवीतच राहू द्या, मिडरेंज काढा. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वेग ओसरला की डावीकडे वळते, त्यामुळे ओकच्या बरीच उजवीकडे नेम धरला तर ती मँडो पाळून मग आत येते. फोरहँडची डिस्क शेवटी उजवीकडे जाते. डावखुऱ्यांनी हे उलटं समजावं. दोन नीट फेकी आणि एक पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकायची शेवटची फेक, की पार झाला. ओढा एका फेकीत ओलांडण्याचा हट्ट धरला तर मँडो चुकण्याचा दंड आणि ओबीचा दंड, दोन्ही वाट पाहत असतात.

ही पद्धत सगळ्या होलांना लागू पडते. जिथून बास्केट दिसतच नाही अशा होलावर तर ती अनिवार्य समजा. एकाने पुढे जाऊन आडोशाला उभं राहावं, वाट मोकळी असल्याचा हात करावा आणि डिस्क कुठे पडते ते पाहावं.

चढ, उतार, वारा

नव्या आखणीत उंचसखल जमिनीचा वापर वाढलेला दिसतो. चढावर फेकताना डिस्कची पुढची कड वर उचलली जाते, हवा खालून लागते आणि डिस्क जागीच थबकून खाली येते. म्हणून चढाच्या रेषेला समांतर, पुढची कड दाबून फेका. उतारावर डिस्क हवेत जास्त वेळ राहते, त्यामुळे शेवटचं वळणही मोठं होतं. नेहमीपेक्षा संथ डिस्क घ्या आणि वळणाला जागा सोडा.

झाडं गेलेल्या मोकळ्या होलांवर वारा हा नवा अडथळा आहे. समोरून वारा असेल तर डिस्कला जास्त वेग मिळाल्यासारखं होतं आणि उजव्या हाताची बॅकहँड फेक उजवीकडे लोळते. तिथे कमी वळणारी, फेडचा आकडा मोठा असलेली डिस्क घ्या. मागून वारा असेल तर डिस्क लवकर खाली येते, तिथे जास्त ग्लाइडची डिस्क वापरा. दोन्ही वेळा जोर वाढवू नका.

बास्केटजवळ

उतारावर ठेवलेल्या बास्केटपाशी सर्वांत जास्त गुण जातात. नेम चुकला की डिस्क कडेवर उभी राहते आणि तीस-चाळीस फूट घरंगळत जाते. म्हणून लांबून पट करताना आधी पाहा की चुकली तर डिस्क कुठे थांबेल. बास्केटच्या मागे उतार असेल तर साखळ्यांच्या खालच्या भागावर हलका नेम धरा, अलीकडे पडली तरी चालेल. मागे चढ असेल तर बेधडक फेका.

नियम एवढा लक्षात ठेवा. बास्केटपासून १० मीटरच्या आत असाल तर डिस्क सोडल्यावर तोल सावरून, मागेच उभं राहिलेलं दिसलं पाहिजे, त्यानंतरच पुढे पाऊल टाकायचं. डिस्क साखळ्यांत किंवा खालच्या टोपलीत राहिली तर होल पूर्ण. बास्केटच्या वर जाऊन बसली तर नाही.

हरवलेली डिस्क शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात. फांद्या मोडून किंवा वाकवून स्वतःला वाट करून घेणं नियमात बसत नाही, आणि पार्कच्या दृष्टीने तर अजिबात बसत नाही. जाळ्या लावलेली लहान रोपं दिसली तर त्यांच्याजवळून फेकूच नका. पुढच्या वीस वर्षांचा फेअरवे त्या रोपांवर उभा राहणार आहे.

पार्क सगळ्यांचं आहे

गावाकडच्या पार्कमध्ये लोक शांततेसाठी येतात. कुणी पक्षी पाहत असतं, कुणी गळ टाकून बसलेलं असतं. डिस्क गोल्फला पार्कमध्ये जागा मिळते ती या मंडळींची हरकत नसते म्हणून. ही सद्भावना जपणं आपलं कर्तव्य आहे, आणि मला ते फेकीच्या तंत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं.

वाटेवर माणूस दिसला तर थांबा, तो पूर्ण पुढे जाऊ द्या. तुम्ही हात केलात की तोही हात करतो, कित्येकदा खेळाची चौकशी करतो. डिस्क चुकून कुणाच्या दिशेने गेली तर संकोच न करता ‘फोर!’ अशी मोठ्याने हाक द्या. स्पीकरवर गाणी लावू नका. चार-पाच जणांहून मोठा गट असेल तर दोन गट करा आणि मागून भराभर येणाऱ्यांना पुढे जाऊ द्या. पावसानंतर दोन दिवस नव्या टीभोवतीची माती मऊ असते, तिथे सिमेंटच्या पॅडवरूनच फेका.

गोचीड, विषारी वेल आणि वीज

झाडीत शिरायचं तर पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि कीटकांना दूर ठेवणारा फवारा मारा. काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम हा आजार होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत नीट पाहा, मुलांचं आधी. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर, सावकाश ओढा.

पॉयझन आयव्हीला तीन-तीन पानांचे गुच्छ असतात. तिचं तेल त्वचेला लागलं की खाज आणि फोड येतात. ते तेल डिस्कवर आणि बुटांवरही टिकून राहतं. अशा झुडपातून डिस्क काढली तर ती साबणाने धुवा, हातही लगेच धुवा.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा, बास्केट आणि उंच झाडांपासून दूर व्हा, गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच परत या. शरद ऋतूत काही पार्कच्या आसपास शिकारीचा हंगाम असतो. प्रवेशद्वारावरची सूचना वाचा आणि गरज असेल तर नारिंगी जाकीट घाला.

मुलं आणि आजी-आजोबा

भारतातून आलेल्या आई-वडिलांना सोबत घेऊन जाण्यासाठी हा खेळ फार चांगला आहे. चालणं होतं, थांबायला जागोजागी बाकं असतात आणि हात फिरवण्याचा जोर ज्याचा त्याला ठरवता येतो. नऊ होलं बहुधा तासाभरात होतात, तिथेच थांबा. लहान मुलांना दीडशे ग्रॅमच्या आतली डिस्क द्या आणि टीऐवजी फेअरवेच्या मधून फेकू द्या. घरच्यांसोबत खेळताना सगळ्यांनी एकाच डिस्कने पुढे जायची पद्धत छान जमते. प्रत्येकाने फेकायचं, सर्वांत चांगली पडलेली डिस्क निवडायची आणि पुढची फेक सगळ्यांनी तिथून करायची. आजोबांची एक सरळ फेक अख्ख्या घराचा पार वाचवते.

फेरी संपल्यावर

ग्रामीण पार्कमधले बहुतेक कोर्स स्थानिक क्लबचे स्वयंसेवक सांभाळतात. सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन टी सपाट करणारी, झुडपं छाटणारी, पाट्या रंगवणारी ही माणसं. नव्या आखणीचं पहिलं वर्ष त्यांच्यासाठी परीक्षेचं असतं, कारण कागदावर बरोबर दिसणारी वाट पायांखाली वेगळी निघते. कुठे डिस्क वारंवार पायवाटेवर जाते, कुठल्या टीवर पाणी साचतं, कुठली पाटी उलटी लागली आहे, हे खेळणाऱ्यालाच आधी कळतं. हे सगळं होलाच्या क्रमांकासह लिहून पार्क कार्यालयाला किंवा क्लबला कळवा. फलकावर श्रमदानाचा दिवस लिहिलेला असेल तर एकदा जा. चार तास माती ओढल्यावर त्या कोर्सवरची प्रत्येक टी कुठे आणि का ठेवली आहे, हे पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.